राजाचा कुत्रा आणि आमचा ससोबा

आमचं चंद्रपूर एका कुत्र्यामुळे वसलं, असं बाहेरगावच्या पाहुण्याला सांगितलं की तो आधी हसतो आणि मग रात्रभर गल्लीतलं भुंकणं ऐकून सकाळी म्हणतो, "पटलं." त्याला पटण्याचं कारण वेगळं असतं, पण दंतकथा खरोखरच तशी आहे.

गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा याच्या अंगावर गाठी आणि फोड उठले होते. एकदा शिकारीला गेला असताना त्याला तहान लागली. झरपट नदीच्या कोरड्या पात्रात एका खळग्यात थोडं पाणी दिसलं. ते तो प्याला, हातपाय-तोंड धुतलं, रात्री गाढ झोपला आणि सकाळी बघतो तो अंग स्वच्छ! त्या जागी पुढे अचलेश्वराचं देऊळ झालं. त्याच राजाला मग एक चमत्कारिक देखावा दिसला. कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा राजाच्या कुत्र्याच्या मागे लागला होता आणि कुत्रा जीव मुठीत धरून पळत होता. वेडीवाकडी वळणं घेत दोघांनी मोठं रिंगण घातलं, आणि शेवटी कुत्रा उलटला व त्यानं सशाला लोळवलं. राजानं ही हकीकत राणीला सांगितली. राणी म्हणाली, ससा ज्या वाटेनं धावला त्या वाटेवर कोट बांधा. राजानं ऐकलं. त्या कोटाचे जटपुरा, पठाणपुरा हे दरवाजे आजही उभे आहेत आणि त्यांतून जाताना आमच्या स्कूटरी आजही एकमेकींना घासतात.

चंद्रपूरची ही आद्य श्वानकथा. टीकाकार म्हणून मला तिच्यात एक मोठा दोष दिसतो. राजाच्या त्वचारोगाची तिच्यात नोंद आहे, उपचाराची आहे, राणीच्या सल्ल्याची आहे, फार काय सशाच्या कपाळावरच्या ठिपक्याचीसुद्धा आहे. कुत्र्याचं मात्र नावही नाही! एवढं धावल्यावर त्याला कुणी पाणी पाजलं का? पायात काटा मोडला होता का? झरपटचं पाणी कातडीला इतकं गुणकारी होतं, तर त्यालाही एक बुचकळी मारायला काय हरकत होती? एक अक्षर नाही. राजा, राणी, कारभारी, गवंडी सगळे सशाच्या वाटेकडे बघत राहिले. कुत्र्याकडे कुणी बघितलंच नाही.

हा दोष मलाही दिसला नसता. तो दाखवून दिला आमच्या ससोबानं.

ससोबा हा कुत्रा आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण नावामुळे घोटाळे होतात. मूलच्या बाजूच्या एका खेड्यातून आमच्या एका स्नेह्यानं त्याला कापडी पिशवीत घालून आणला. सगळा काळा, कपाळावर तेवढा पांढरा ठिपका. दंतकथेतल्या सशासारखा ठिपका म्हणून आमच्या मुलीनं त्याचं नाव ससोबा ठेवलं. तेव्हापासून कुरिअरवाला फाटकाबाहेरूनच विचारतो, "काकाजी, तुमचा ससा चावते का जी?"

घरात कुत्रा आला की पाठोपाठ त्याचं वाङ्मय येतं. त्याचे मुख्य प्रकार चार: म्हणी, संतकथा, इंग्रजी ग्रंथ आणि मौखिक परंपरा, म्हणजे शेजारी. गेल्या सहा वर्षांत हे चारही प्रकार मी अभ्यासले. अभ्यास माझा होता, पण परीक्षा प्रत्येक वेळी ससोबानं दिली.

पहिल्यांदा म्हणी घेऊ. मराठी भाषेत कुत्र्याच्या शेपटीवर म्हण आहे, भुंकण्यावर आहे, मौतीवर तर आहेच. आणि एखाद्याचे फारच हाल झाले तर ते कुत्रं खात नाही, अशी आहारविषयक नोंदही आहे. पण त्याच्या कानात काय झालं, पोटात काय झालं, याबद्दल म्हणी गप्प. 'भुंकणारं कुत्रं चावत नाही' ही म्हण तर मागे घ्यावी या मताचा मी आहे. भुंकणारं कुत्रं चावतं. आमच्या दूधवाल्याला चावलं. तो पोटरीला मिरची लावून दुसऱ्या गल्लीत दूध घालायला निघाला होता. त्याला नळाखाली बसवून साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवायला लावली आणि त्याच दिवशी इंजेक्शनाला पाठवला. पाश्चरनं १८८५ साली एका चावलेल्या मुलाला लस टोचून वाचवलं, त्याला आता एकशे चाळीस वर्षं होतील. मिरचीचा शोध मात्र आमच्याकडे अजून चालू आहे.

एक म्हण तेवढी शास्त्रशुद्ध निघाली: 'कुत्र्याला तूप पचत नाही.' पण तिच्या आड आले नामदेव महाराज. कुत्र्यानं पोळी पळवली तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून, ही गोष्ट आमच्या आईची फार आवडती. तिनं ससोबाला पहिल्याच दिवशी तूप-पोळी कुस्करून घातली, वर वाटीभर दूध. नामदेवांना त्या कुत्र्यात विठ्ठल दिसला होता, यात शंका नाही. पण विठ्ठलाला जे पचतं ते ससोबाला पचलं नाही. पुढचे तीन दिवस आमच्या घरात फक्त फिनाइलचा वास होता. मोठ्या कुत्र्यांपैकी पुष्कळांना दूध सोसत नाही आणि फार तुपा-तेलानं स्वादुपिंड सुजतं, हे आम्हांला मागाहून कळलं. आई मात्र शेवटपर्यंत म्हणत होती, "तूप चांगलं कढवलेलं होतं रे!"

त्यानंतर सत्यनारायण आला. शिरा झाला, त्यात सढळ हातानं बेदाणे. प्रसादाला नाही म्हणू नये, या नियमानं ससोबापुढेही द्रोण गेला. बेदाणे, मनुका आणि द्राक्षं यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं बिघडू शकतात. कांदा-लसणानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. चॉकलेटही त्याला विषासारखं. कोंबडीची शिजलेली हाडं काटकीसारखी उभी चिरतात आणि आतड्यात रुततात. म्हणजे ज्या ज्या वस्तू आपण प्रेमानं 'घे रे, तूही खा' म्हणून पुढे करतो, त्यांची एक यादीच आहे. त्या दिवशी वाचवलं ते ससोबाच्या स्वभावानं. त्यानं शिरा हुंगला आणि फुलांचा हार खाल्ला.

सध्या तो भात, फोडणीवाचूनचं वरण, उकडलेलं अंडं आणि बिनहाडाची कोंबडी खातो. दिवसातून दोनदा, ठरल्या वेळी. घरात ठरल्या वेळी जेवणारा तो एकटाच.

तिसरा प्रकार इंग्रजी ग्रंथांचा. आमच्या भाच्यानं पुण्याहून एक जाडजूड पुस्तक पाठवलं. छपाई सुरेख, चित्रं अशी की पाहून कुत्रा व्हावंसं वाटावं. पुस्तकात एक प्रकरण हिवाळ्यावर होतं. पिल्लाला उबदार ठेवा, लोकरीचा अंगरखा घाला, बर्फातून फिरून आल्यावर बोटांमधला बर्फ काढा. मी ते बर्फाचं प्रकरण मे महिन्यात, कूलरसमोर, ओला पंचा डोक्यावर घेऊन वाचलं. बाहेर ४७ अंश होते. उन्हाळ्यावर त्या ग्रंथात अर्धं पान होतं. त्यात लिहिलं होतं की अशा दिवशी कुत्र्याला समुद्रकिनारी नेलं तर तो खूश होतो.

रोज व्यायाम हवा, हे वाक्य मात्र त्यात प्रत्येक प्रकरणात होतं. ते मी मनावर घेतलं. एका रविवारी सकाळी साडेदहाला पिशवी आणि ससोबा घेऊन गोल बाजारात भाजीला निघालो. बाजारात पोहोचता पोहोचता ससोबा एकेक पाय उचलायला लागला. पुढचा डावा, मागचा उजवा, पुन्हा पुढचा. मला वाटलं, गंमत आली त्याला. मी भाजीवाल्या बाईला अभिमानानं म्हणालोसुद्धा, "बघा, आमचा कुत्रा नाचतो!"

ती बाई भेंडी तोलता तोलता थांबली. म्हणाली, "काकाजी, नाचते कायचा? पाय भाजून रायले ना त्याचे!"

तिनं तागडी खाली ठेवली. ससोबाला हातगाडीखालच्या सावलीत ओढला. भाज्यांवर शिंपडायचं पाणी होतं, ते त्याच्या पोटावर, पायांवर ओतलं, ओलं पोतं खाली सरकवलं आणि मला म्हणाली, "उभे काऊन? वारा घाला ना जी!" मी मेथीच्या जुडीनं वारा घातला. ससोबाची जीभ हातभर लोंबत होती, पोटाचा भाता चालला होता. पंधरा-वीस मिनिटांनी तो थोडा शांत झाला. आम्ही रिक्षानं घरी आलो. भाजी राहिली.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांना थोडा येतो, बाकी सगळा कारभार जिभेचा. बाहेरची हवाच त्याच्या अंगापेक्षा तापलेली असली की धापा टाकूनही तो निवत नाही. त्याचं अंग मुळात १०१ ते १०२ च्या आसपास असतं. १०४ च्या पुढे गेलं की काळजी आणि १०६ म्हणजे जिवावरचं. अशा वेळी साधं पाणी, वारा, सावली आणि तडक डॉक्टर. बर्फाच्या पाण्यात बुडवायच्या भानगडीत पडू नये. आणि बाहेर नेण्याआधी आपल्या हाताची पालथी बाजू डांबरावर टेकवून सात आकडे मोजावेत. आपल्याला मोजवले नाहीत, तर त्याला चालवू नये. हे सगळं मी नंतर वाचलं, विचारलं, पाठ केलं. त्या बाईनं काहीच वाचलं नव्हतं. तिनं कुत्र्याच्या पायांकडे बघितलं होतं. मी पुस्तकाकडे बघत होतो.

चौथा प्रकार सर्वांत समृद्ध: मौखिक परंपरा. पहिल्या पावसानंतर ससोबाच्या अंगावर गोचीड झाले. कानात, पट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यांत. सुरुवातीला आम्ही त्यांना करडे दाणे समजलो. एक दाणा चालू लागला तेव्हा सौभाग्यवती किंचाळली आणि ती किंकाळी ऐकून अख्खी आळी जमली. कुणी म्हणे हळद लावा, कुणी करंजाचं तेल सांगितलं, कुणी कापूर. एका निवृत्त गृहस्थांनी फिनाइलची आंघोळ सुचवली. कोपऱ्यावरचा स्कूटर दुरुस्तीवाला तर डबाच घेऊन आला. "जळालं ऑइल लावा काकाजी. दोन दिवसांत सफा! आमच्या गावाकडं सब्बन खरजुल्या कुत्र्यायले हेच लावतेत."

त्याच्या बोलण्यात विश्वास होता, ऑइल फुकट होतं आणि मला पुस्तकाचा राग आलेला होता. मी लावलं. काळा कुत्रा अधिक काळा झाला. कपाळावरचा ठिपकाही गेला.

कुत्र्याच्या अंगाला लावलेली वस्तू कुत्र्याच्या पोटात जाते, एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. तो स्वतःला चाटतो. जळालेल्या ऑइलमध्ये इंजिनाची झीज, धातूचा अंश, नको नको ते सगळं असतं. दुसऱ्या दिवशी ससोबा ओकला. तिसऱ्या दिवशी जेवला नाही. चौथ्या दिवशी मी स्कूटर काढली तरी तो उठला नाही. इतक्या वर्षांत, स्कूटर निघाली आणि ससोबा फाटकापर्यंत आला नाही, असं कधी झालं नव्हतं. त्यानं फक्त शेपूट एकदा जमिनीवर आपटलं आणि ते तसंच ठेवलं.

आमच्याकडे त्याला ढोरांचा दवाखाना म्हणतात. रांगेत आमच्या पुढे एक बैल होता आणि मागे दोन शेळ्या. बैलवाल्यानं ससोबाकडे बघितलं आणि काही न बोलता बैल बाजूला घेतला. "तुमी जा जी पुढं," म्हणाला.

डॉक्टरांनी आधी त्याचा ओठ वर केला. हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या. "हे बघितलं होतं का?" त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, "नाही. हळद लावायची की करंजाचं तेल, यावर आमच्यात एकमत होत नव्हतं." डॉक्टर हसले नाहीत.

गोचीडताप होता, वर ऑइलचं विष. सलाईन लागलं, पुढे चार आठवडे गोळ्या चालल्या. गोळी उकडलेल्या अंड्यात लपवायची; ससोबा अंडं खाऊन गोळी पायपुसण्यावर ठेवायचा; मग दुसरं अंडं. त्या महिनाभरात आमच्या अंडीवाल्याची परिस्थिती सुधारली. डॉक्टरांनी गोचीड काढायला शिकवलं. चिमट्यानं अगदी कातडीलगत पकडायचा, सरळ ओढायचा. पेटती काडी लावायची नाही, रॉकेल ओतायचं नाही, नखानं चिरडायचा नाही. स्पिरिटच्या बाटलीत टाकायचा. एक मादी हजारांनी अंडी घालते आणि तीही कुत्र्यावर नव्हे, भिंतीच्या भेगांत आणि फरशीच्या फटींत. म्हणजे अर्धा इलाज कुत्र्याचा नि अर्धा घराचा. बाजारातलं औषध वजन करून, डॉक्टरांना विचारूनच लावायचं. आणि आंघोळीला माणसांचा साबण नको, त्याची कातडी आपल्यापेक्षा नाजूक. कोळशाच्या धुळीच्या या गावात ससोबाला रोज आंघोळ घालावीशी वाटते, पण रोज घालू नये. कोरडा ब्रश फिरवला की पुष्कळ. कोळसा त्याला शोभतो. पांढऱ्या कुत्र्यांनी चंद्रपुरात बदली घेऊ नये.

निघताना डॉक्टरांनी लसीचं कार्ड हातात दिलं आणि विचारलं, "रात्री कुठं बांधता?" मी म्हटलं, "फाटकाशी, साखळीनं." ते म्हणाले, "बिबट्यासाठी ताट वाढून ठेवता म्हणा की!"

हे वाक्य कुठल्याही इंग्रजी ग्रंथात नाही, पण आमच्या दोन जिल्ह्यांत ते पहिल्या पानावर हवं. इथं वीजकेंद्राच्या झुडपांतसुद्धा बिबट्या दिसतो, आणि गावात शिरला की त्याला सर्वांत सोपी शिकार कुत्र्याची. गडचिरोली १९८२ साली आमच्यापासून वेगळा जिल्हा झाला. जंगलाला ते कुणी कळवलेलं दिसत नाही. मोहफुलांच्या दिवसांत माणसं पहाटे टोपल्या घेऊन निघतात, पुढे घरचं कुत्रं. वाघाची चाहूल आधी त्याला लागते. आणि ते घरचं कुत्रं रानात नुसता पहारा नेत नाही, रोगही नेऊ शकतं. १९९४ साली आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत डिस्टेंपरनं सुमारे एक तृतीयांश सिंह गेले. २०१८ साली गीरमध्ये वीसहून जास्त सिंह मेले, त्यांतल्या काहींत हाच विषाणू सापडला. कुत्र्याचा रोग हा. म्हणजे ताडोब्याच्या कडेच्या गावात एका गावठी कुत्र्याला टोचलेली सुई थोडीशी वाघालाही लागते. वाघासाठी पर्यटक येतात, जिपा धावतात. हेमलकशाच्या एका बिबट्याच्या नावानं विलास मनोहरांनी 'नेगल' हे पुस्तक लिहिलं, आणि वाचण्यासारखं लिहिलं. कुत्र्याच्या वाट्याला मात्र म्हणी आल्या. पुन्हा तेच, सगळे सशाकडे बघतात.

ससोबा बरा झाला. आता रात्री तो घरात, माझ्या खाटेखाली झोपतो. रोज संध्याकाळी मी त्याला आडवा पाडतो. कान उलटे करतो, बोटांच्या बेचक्या चाचपतो, ओठ वर करून हिरड्या बघतो. दहा मिनिटांचं काम. त्याला ते आवडतं की नाही कोण जाणे. पण सहा वाजले की तोच येऊन आडवा होतो. शिकारीवरून परतलेल्या त्या बिननावाच्या कुत्र्यालाही कुणी असं दहा मिनिटं आडवं पाडलं असेल, अशी मी आपली समजूत करून घेतो. दंतकथेत तेवढं लिहायचं राहिलं असेल.

गेल्या आठवड्यात समोरच्यांनी लॅब्रेडॉरचं पिल्लू आणलं आणि ते माझ्याकडे सल्ल्याला आले. मी म्हटलं, आता मौखिक परंपरा माझ्यापासून सुधारू. तास-दीड तास बोललो. तूप नको, बेदाणे नको, ऑइल तर अजिबात नको. डांबराला हात लावून बघा, दर वर्षी लस, रात्री घरात. आणि मुख्य म्हणजे कुत्र्याकडे बघत जा. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. चहा संपवला. फाटकापाशी जाऊन वळले आणि म्हणाले,

"सगळं पटलं काकाजी. पण मी का म्हणतो, थोडीशी हळद लावली तर?"